लिफ्टमधलं झाड

गेल्या वर्षीच्या नाताळनंतर आमच्या इमारतीच्या मागे कचऱ्याचा जो ढीग साठला, तो पाहून कचरा उचलणारे लोक गाडीतून उतरलेच नाहीत. त्यांनी गाडी थांबवली, काच खाली केली, ढिगाकडे पाहिलं, काच वर केली आणि ते निघून गेले. ढिगात वाळलेली झाडं होती, चमकीचे कागद, फिती, खोकी, अर्धवट खाल्लेले केक आणि एक मोठं प्लॅस्टिकचं हरीण होतं. हरणाच्या नाकातला लाल दिवा जानेवारी संपेपर्यंत लुकलुकत राहिला. ते कोणाचं, हे विचारल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

म्हणून या वर्षी सेक्रेटरींनी वेळेवर बैठक बोलावली. बैठकीची सूचना त्यांनी काटकसर म्हणून गेल्या वर्षीच्या सूचनेच्या पाठीवर लिहिली होती. बेकरीवाल्याने चुकीची बाजू वाचली आणि तो रंगरंगोटीबद्दल भांडायच्या तयारीने आला.

आमची इमारत लहान आहे. मजल्याला एक घर. तळमजल्यावर बेकरीवाला, पहिल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई, दुसऱ्यावर सेक्रेटरी आणि तिसऱ्यावर, म्हणजे सगळ्यात वर, अक्का आणि मी. मधोमध जाळीची जुनी लिफ्ट आणि तिच्याभोवती गोल फिरत जाणारा जिना. लिफ्ट चार माणसांची आहे असं आत लिहिलेलं आहे. त्यातलं निदान एक माणूस बारीक असावं लागतं.

अक्का माझी थोरली बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही. तिने का केलं नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि मी का केलं नाही हे विचारायची तिला गरज वाटली नाही. बैठकांना नेहमी तीच जाते. मी एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिथे ‘बोलू नये’ अशी पाटी होती. मुलांनी ती कधी मनावर घेतली नाही, मी घेतली. पण अक्का न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि तिला शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागलं. म्हणून त्या बैठकीला मी गेलो.

भेटवस्तू माणशी एकच, ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची, केक सगळ्यांत मिळून एक, हे भराभर ठरलं. मग झाडाचा विषय निघाला.

“झाड एकच,” सेक्रेटरी म्हणाले. “सगळ्या इमारतीत मिळून. कुंडीतलं आणायचं, म्हणजे नंतर फेकायला नको.”

“मग माझ्या दारात ठेवा,” बेकरीवाला म्हणाला. “येता-जाता सगळ्यांना दिसेल.”

“सगळ्यांना म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांना,” शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. “वर्गणी आमची, जाहिरात तुमची.”

“बरं, तुमच्या दारात ठेवा. चकचकीत गोळ्यांऐवजी रिळं टांगा त्याला.”

“मला वाटतं,” सेक्रेटरी छताकडे पाहत म्हणाले, “दुसरा मजला मध्यभागी येतो.”

“दुसरा कसा मध्यभागी? पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे मध्य येतो. शाळेत गेला होतात ना?”

“तिथे जिन्याचं वळण आहे.”

“मग ठेवा वळणावर.”

“आणि एखाद्याने कपाट आणलं तर ते वर कसं जायचं?”

“कोण आणतंय कपाट?”

“उद्या कोणी आणलं तर?”

“अहो, आपण खर्च कमी करायला बसलोय आणि तुम्ही कपाटं कसली आणताय!”

हे बराच वेळ चाललं. मला खरं तर घरी जायचं होतं. मी बहुधा स्वतःशीच म्हणालो, “सगळ्या मजल्यांवर जाणारी एकच गोष्ट आहे इथे. लिफ्ट.”

मी हे सुचवलं नव्हतं. फक्त एक निरीक्षण केलं होतं. पण तिघेही एकदम माझ्याकडे वळले.

“वा,” सेक्रेटरी म्हणाले.

“हे कोणाला कसं सुचलं नाही?” बाई म्हणाल्या.

“म्हणजे झाड लिफ्टमध्ये,” बेकरीवाला हळूहळू म्हणाला, “आणि ते सगळ्यांच्या दारात येणार. कोणाचंच नाही आणि सगळ्यांचं.”

ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. इतक्या वर्षांत माझी कुठली गोष्ट मंजूर झाल्याचं मला आठवत नाही. घरी आल्यावर मी आरशासमोर जरा रेंगाळलो, हे लिहायला हरकत नसावी.

झाड आलं. माझ्यापेक्षा थोडं उंच, पत्र्याच्या जड कुंडीत, पायाशी ऐसपैस आणि टोकाला चांदणी. लिफ्टच्या छतामुळे चांदणी वाकडी ठेवावी लागली. झाडाशेजारी आता एक माणूस उभा राहू शकत होता. दोघं असतील तर त्यांचं एकमेकांशी चांगलं असावं लागे. उतरताना माणसाच्या खांद्यावर काटे आणि केसांत चमकी येई. शिवणकामवाल्या बाईंच्या एका गिऱ्हाइकाचा काळा कोट पहिल्या मजल्यापर्यंत येईतो सणाचा झाला होता.

पण कल्पना सगळ्यांना आवडली होती, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. जिन्यात मात्र गर्दी वाढली. बाई कापडाचं गाठोडं घेऊन जिना चढताना भेटल्या. धापा टाकत होत्या.

“लिफ्ट नाही का?” मी विचारलं.

“आहे की. व्यायाम हो. डॉक्टर मागे लागलेत.”

बेकरीवाला गच्चीवर वाळत घालायला ओल्या फडक्यांची बादली घेऊन चालला होता. “पाय मोकळे करतोय,” तो म्हणाला. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभे होते. ते काही बोललेच नाहीत, कारण त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त हात वर केला. संध्याकाळी आम्ही सगळे आपापल्या दारात उभे राहून बटण दाबायचो, झाड यायचं, ते पाहायचो आणि खाली पाठवायचो. लिफ्टने आता फक्त झाडच ये-जा करत होतं.

मला त्याचं काही नव्हतं. मी मुळातच जिन्याचा माणूस आहे. प्रश्न अक्काचा होता.

केंद्रातल्या परिचारिकाबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं. अक्काला नाताळसाठी घरी सोडतील. त्या स्वतः बरोबर येतील. चाकांची खुर्ची रस्त्यापासून पलंगापर्यंत कोणी न उचलता गेली पाहिजे. गेली, तर अक्का घरीच राहील. व्यायाम करून घ्यायला अधूनमधून एक बाई घरी पाठवतील. नाही गेली, तर अक्काला त्याच गाडीतून परत नेतील आणि मग कायमची सोय तिथेच करावी लागेल. “भावना मला कळतात,” त्या म्हणाल्या, “पण जिन्यात उचलताना पडलेली माणसंच माझ्याकडे येतात.”

मी घरातली वाट मोकळी केली. पुस्तकं पलंगाखाली सरकवली, उंबऱ्यावर फळी टाकली. घरात काही अडचण नव्हती. अडचण लिफ्टमध्ये होती, तिच्यावर चांदणी लावलेली होती आणि ती मी सुचवलेली होती.

अक्काला भेटायला गेलो तेव्हा ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. पिशवी भरून पायाशी ठेवली होती.

“काय रे पुस्तक्या, जेवतोस ना नीट?”

“हो.”

“खोटं. गळ्याची हाडं दिसतायत. लिफ्ट चालू आहे?”

“चालू आहे,” मी म्हणालो. हे खरं होतं.

“नाही, मागच्या हिवाळ्यात बंद पडली होती ना, म्हणून विचारलं. आता बंद पडली तर मी मेलेच इथे. शेजारच्या पलंगावरची बाई सकाळ-संध्याकाळ मला तिच्या जावेच्या कागाळ्या सांगते. तिची जाऊ मला तिच्यापेक्षा बरी वाटायला लागलीय.” मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “ही परिचारिका विचारत होती, भाऊ सांभाळेल का? मी म्हटलं, दिसतो तसा नाही तो. वेळ आली की करतो.”

मी सांगणार होतो. अक्काला सांगितलं असतं तर तिने तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला असता आणि दहा वाक्यांत झाड बाहेर आलं असतं. पण हे ऐकल्यावर कसं सांगणार? मी मान हलवली आणि तिच्या पिशवीचा बंद पुन्हा बांधला. तो नीटच बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो.

“या, या!” ते म्हणाले. “तुमचीच आठवण काढत होतो. कोपऱ्यावरच्या इमारतीची मंडळी आली होती काल. झाड पाहून थक्क झाली. म्हणाली, पुढच्या वर्षी आम्हीही असंच करणार. मी तुमचं नाव सांगितलं.”

“माझं?”

“मग? इतकी वर्षं इथे राहता, आणि अशी कल्पना आत दाबून ठेवलीत! बोला, काय काम काढलंत?”

“काही नाही,” मी म्हणालो. “सहज.”

“पाणी घालता का झाडाला? मी विसरतो.”

मी हो म्हणालो. गेलो होतो झाड काढायला आणि आलो त्याला पाणी घालायचं काम घेऊन. त्यानंतर मी आणखी एकदा गेलो. तेव्हा त्यांच्याकडे पाहुणे होते. मग एक चिठ्ठी लिहिली, तिच्यात मला तीन ठिकाणी शब्द बदलावेसे वाटले, म्हणून ती फाडली. मग मी स्वतःची अशी समजूत घातली की, खुर्ची कदाचित माझ्या अंदाजापेक्षा अरुंद असेल. माणूस किती हुशारीने स्वतःला फसवू शकतो, हे मी पुस्तकांत बरंच वाचलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी केंद्राची गाडी दाराशी थांबली. मी खालीच उभा होतो. परिचारिकाबाई एकट्याच उतरल्या. अक्का मागच्या काचेतून हात हलवत होती.

“आधी लिफ्ट दाखवा,” बाई म्हणाल्या.

मी बटण दाबलं. झाड खाली आलं. मी जाळी उघडली.

“हे काय?”

“झाड.”

“ते दिसतंय. कुठे चाललंय?”

“कुठे नाही. म्हणजे, सगळीकडे जातं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहणं त्यांना रोजच्या कामात लागत असावं. “आणि खुर्ची कुठे मावणार?”

बेकरीवाला हात पुसत दारात येऊन उभा राहिला.

“हे बघा आजोबा,” परिचारिकाबाई म्हणाल्या, “त्या बाई सकाळपासून तयार होऊन बसल्यात. नाष्टासुद्धा घेतला नाही. खुर्ची जाणार नसेल तर त्यांना गाडीतून उतरवतच नाही मी. उतरवून परत चढवणं मला बघवणार नाही. सांगा, काय करू?”

सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर होते. त्यांना विचारायला दोन जिने चढायचे, मग ‘सहज आलो होतो’ म्हणायचं, मग दोन जिने उतरायचे. मी वाकलो, कुंडीला मिठी मारली आणि झाड ओढलं. ते आलं नाही. पुन्हा ओढलं. ते एकदम आलं आणि मी झाडासकट बेकरीवाल्याच्या दारावर जाऊन आदळलो.

“अहो, अहो! इथे ठेवू नका,” बेकरीवाला म्हणाला.

“का?”

“माझ्या दारात ठेवलं की सेक्रेटरी म्हणणार, तळमजल्याने बळकावलं. मला नको ते लफडं.” त्याने इकडेतिकडे पाहिलं. “रस्त्यावर ठेवलं तर कचरा समजून नेतील.”

“मग?”

“तुम्ही सुचवलंय, तुम्ही बघा.”

मी पाहिलं. लिफ्ट रिकामी होती आणि जिना समोर होता. “अक्काला आणा,” मी परिचारिकाबाईंना म्हणालो. “लिफ्ट मोकळी आहे.” आणि झाड उचलून जिना चढू लागलो.

पहिला जिना मी कसा चढलो ते मला माहीत नाही. समोरचं काही दिसत नव्हतं. तोंडात काटे जात होते. पहिल्या मजल्यावर शिवणकामवाल्या बाई दार उघडून बाहेर आल्या. त्यांच्या गळ्यात टेप होती आणि दातांत टाचणी.

“कोण आहे ते झाडामागे?”

“मी. तिसऱ्या मजल्यावरचा.”

“कुठे नेताय?”

“वर.”

“बैठक झाली का?”

“नाही.”

त्यांनी दातांतली टाचणी काढून ओढणीला टोचली. “सरका तिकडे,” त्या म्हणाल्या आणि खालून कुंडी धरली. “देवा रे. तीन आठवडे गाठोडी वाहून माझी कंबर गेली. कोणीतरी काढा हो ते, असं रोज म्हणत होते मी.”

“कोणाला?”

“मनात.”

आम्ही वळणापाशी पोचलो तेवढ्यात खाली जाळी लागल्याचा आवाज झाला आणि लिफ्ट निघाली. ती आमच्या शेजारून जाळीआडून हळूहळू वर सरकली. आधी परिचारिकाबाईंची टोपी दिसली, मग खुर्चीचा मागचा भाग, मग चाकं. अक्काची आमच्याकडे पाठ होती. “किती चकचकीत ठेवलीय लिफ्ट,” तिचा आवाज आला. “खाली कसली चमकी पडलीय ही?”

दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी नुकतेच दाराबाहेर येऊन कठड्यापाशी उभे होते. अंगात घरातला जुना स्वेटर, हातात चहाचा कप.

“हे काय चाललंय?” ते म्हणाले. “एकमताने ठरलंय हे.”

कुंडी माझ्या पोटात रुतत होती. जे पाठ केलं होतं त्यातलं काहीही आठवलं नाही.

“मी माझी सूचना मागे घेतो,” मी म्हणालो.

“अशी नाही घेता येत. मंजूर झालेल्या ठरावासाठी पुन्हा बैठक बोलवावी लागते.”

“मग बोलवा. पण लिफ्टमध्ये झाड परत जाणार नाही. आज नाही, उद्या नाही. माझी बहीण घरी आलीय. तिला लिफ्ट लागते.” माझा आवाज जिन्यात वरपर्यंत घुमला. तो माझाच होता याची खात्री करायला मी क्षणभर थांबलो. “आणि तो कप खाली ठेवा. ही बाजू धरा, बाईंची कंबर दुखतेय.”

“बहीण?” सेक्रेटरी म्हणाले. “म्हणजे अक्का? त्या आल्या?”

“वर गेल्या आत्ताच.”

सेक्रेटरींनी कप पायरीवर ठेवला आणि कुंडी धरली. गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीवरून अक्काने त्यांना जे ऐकवलं होतं, ते ते अजून विसरले नसावेत. “आधी सांगायचं की हो,” ते पायऱ्या चढता चढता म्हणाले. “मला काय हौस आहे जिने चढायची? रात्री गुडघ्यांना तेल लावून झोपतो मी. मला वाटलं, सगळ्यांना आवडलंय.”

“मला वाटलं, तुम्हाला आवडलंय,” बाई खालून म्हणाल्या.

“कल्पना आवडली होती,” सेक्रेटरी म्हणाले.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो. अक्का बंद दारासमोर खुर्चीत बसली होती, मांडीवर पिशवी. परिचारिकाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. तेव्हा मला आठवलं की किल्ली माझ्या खिशात आहे. माझे दोन्ही हात कुंडीखाली होते.

“किल्ली,” मी म्हणालो.

“कुठल्या खिशात?”

“उजव्या.”

मी तिच्या शेजारी सरकलो. अक्काने खुर्चीतूनच माझ्या कोटाच्या खिशात हात घातला. रुमाल निघाला, पेन्सिल निघाली, एक गोळी निघाली, मग किल्ली. तिने स्वतः दार उघडलं. खुर्ची फळीवरून आत गेली, वाटेतून वळली आणि पलंगापाशी थांबली. कोणी उचलली नाही. परिचारिकाबाईंनी पलंग दाबून पाहिला, न्हाणीघरात डोकावल्या आणि बाहेर आल्या.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “राहू दे इथेच यांना.”

मी अजून झाड धरून दारात उभा होतो. खाली ठेवावं हे मला सुचलं नव्हतं.

अक्काने खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या भुवयांवर चमकी होती आणि कॉलरमध्ये फांदी. तिने चांदणीपासून कुंडीपर्यंत झाड न्याहाळलं. मग तिचा चेहरा जरा वेगळाच झाला. तसा मी तो आई गेली तेव्हा पाहिला होता.

“अरे वेड्या,” ती म्हणाली. “माझ्यासाठी एवढा खर्च कशाला केलास?”

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

एक मोठं, सुरेख खोटं माझ्यासमोर तयार उभं होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते तर मला चांगलं येतं. शेजारीपाजारीही सांभाळून घेणार होते.

“केला नाही,” मी म्हणालो. “हे इमारतीचं आहे. सगळ्यांत एकच आणलंय. मी म्हणालो म्हणून लिफ्टमध्ये ठेवलं होतं. त्यामुळे तू वर येऊ शकली नसतीस. मला बरेच दिवस माहीत होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. आता काढलं.”

अक्काने हे सगळं ऐकून घेतलं. मग ती सेक्रेटरींकडे वळली.

“लिफ्टमध्ये झाड?”

“एकमताने,” सेक्रेटरी पुटपुटले.

“आणि तुम्ही सगळे?”

“जिन्याने.”

अक्का हसली नाही. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. परिचारिकाबाई घाईने पुढे झाल्या, नाडी पाहायला. अक्काने त्यांचा हात बाजूला केला.

“मला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “पुस्तक्या, ते ओझं खाली ठेव आधी, जीव जाईल तुझा. तिथेच ठेव, जिन्यात, कठड्याशी. ज्याला बघायचं त्याने लिफ्टने वर यावं आणि बघून जावं. आणि यांना चहा टाक. मला अर्धाच दे, पण साखर पूर्ण कपाची घाल. तिथे फार जपून घालायचे.”